पडद्याला लेसर की इंजेक्शन? द्राक्षवाल्यांच्या सोयीने

साखरेमुळे (मधुमेहाने) डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवल्या की डॉक्टर दोन वाटा सांगतात: लेसर, नाहीतर डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ, म्हणजे नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारं इंजेक्शन. माकुलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज येऊन नजर उतरली असेल तर आधी इंजेक्शनच, त्यात फार घोळ नको. खरी निवड सूज नसलेल्यांची.

कागदावर इंजेक्शन कमी नाही. २०१५ साली आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी रॅनिबिझुमॅब हे असंच इंजेक्शन घेतलेल्यांची नजर लेसरवाल्यांपेक्षा कमी नव्हती, उलट कडेची नजर जास्त शाबूत राहिली. लेसरमध्ये १२०० ते १६०० ठिपके मारून कडेचा उपाशी, म्हणजे रक्त नीट न पोचणारा पडदा जाळतात. त्यामुळे नव्या वाहिन्या सुकतात, पण कडेचं आणि रात्रीचं दिसणं थोडं उणावतं. रात्री पिकअप घेऊन निघणाऱ्याने हे आधी मोजावं.

पण इंजेक्शनचा असर महिना-दीड महिन्यात ओसरू लागतो. सुरुवातीला दर महिन्याला तारीख, पुढेही फेऱ्या सुटत नाहीत. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास धूसर दिसतं. मोटारसायकल बंद, म्हणजे सोबत घरचं एक माणूस. निफाड-दिंडोरीहून नाशिकला यायचं तर दोघांचा दिवस जातो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग जानेवारीपासून काढणी: तारीख चुकायला निमित्त शोधावं लागत नाही. आणि नुसत्या इंजेक्शनवर असताना बरेच महिने खंड पडला, तर वाहिन्या परत उगवू शकतात, डोळ्यात रक्त उतरू शकतं, पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. लेसरवाल्याचीही तपासणी चुकू नये, पण चुकली तरी झालेलं काम पडद्यावर राहतं. आमच्या घरी याच एका कारणाने लेसर घेतलं, आणि निभावलं.

शहरात राहणारा, तारखेचा पक्का असेल त्याने इंजेक्शन खुशाल घ्यावं. फक्त नंतरच्या आठवड्यात डोळा दुखून लाल झाला, नजर उतरली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आत जंतू गेल्याची शंका असते.

लेसर ठरलं तर आधी ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करून घ्या आणि दोन-तीन बैठका मागा. सगळं एका दमात केलं तर माकुला सुजू शकतो. घड्याळाच्या तीन आणि नऊच्या दिशेला नस जाते, तिथे जास्त ठणकतं. तेव्हा डोकं मागे न घेता तोंडाने सांगा, डॉक्टर जोर कमी करतात.