साडेतीन हजारांचा मास्क आणि घरातला चमचा

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मी गुणवत्ता तपासणीचे काम करते. थॉमसनचे घड उचलायचे, तडकलेला किंवा डागाळलेला मणी कात्रीने काढायचा, पनेटचे, म्हणजे द्राक्षे भरायच्या छोट्या डब्याचे, वजन बघायचे आणि खोक्यावरचे लेबल दोनदा वाचायचे, हा क्रम दहा तास चालला की रात्री नाशिकला घरी येऊन डोळे मिटताच तेच घड पुन्हा दिसू लागतात. त्याला स्वप्न म्हणता येत नाही, कारण त्यात मी नसते आणि गोष्टही नसते. हिरवट-पिवळे मणी एकामागून एक सरकत येतात, त्यांतला एखादा उगाचच फुगत जातो आणि चित्र पुसले जाते. या दृश्यांच्या कुतूहलापोटीच जानेवारीच्या अखेरीस मी एका ऑनलाइन दुकानातून ‘ल्युसिड ड्रीम मास्क’ मागवला. किंमत साडेतीन हजार रुपये. सहा आठवडे वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच बनावटीचा मास्क निरनिराळ्या नावांनी विकला जाताना मी पाहिला आहे.

प्रथम चांगले ते सांगते. कापड मऊ आहे, डोळ्यांच्या जागी खोलगट वाट्या असल्यामुळे पापण्यांवर दाब येत नाही आणि कुशीवर वळले तरी पट्टा निसटत नाही. आतल्या बाजूला दोन लाल दिवे आणि एक थरथरणारी छोटी मोटर आहे. झोपणाऱ्याच्या डोळ्यांची हालचाल मास्क ओळखेल, दिवे लुकलुकतील, तो प्रकाश स्वप्नात शिरेल आणि आपण स्वप्न पाहत आहोत हे झोपेतच लक्षात येईल, असा दावा खोक्यावर केलेला आहे.

या दाव्यामागची कल्पना खोटी नाही. स्वप्न पाहत असतानाच त्याची जाणीव असण्याला ‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी 1913 मध्ये रूढ केले. असे स्वप्न खरोखर पडते याचा पुरावा मात्र 1975 मध्ये मिळाला. झोपेत बाकीचे स्नायू शिथिल पडले तरी डोळे हलतात, हे हेरून इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एका व्यक्तीला आधीच ठरवून दिलेल्या खुणेप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावले आणि ती खूण यंत्रावर नोंदली गेली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले आणि दिव्यांचा इशारा देणारी उपकरणेही तयार केली. माझ्या मास्कचे कूळ तिथलेच, पण गुण तिथले नाहीत.

पहिले तीन आठवडे काहीच घडले नाही. एकदाच दिवा स्वप्नात शिरला, तोही द्वारका चौकातला लाल सिग्नल होऊन. मी स्कूटर थांबवून, तो हिरवा होण्याची वाट पाहत, अत्यंत शिस्तीने उभी राहिले. खऱ्या द्वारका चौकात इतकी शिस्त कोणी पाळत नाही, तेवढ्यावरून तरी ते स्वप्न आहे हे मला कळायला हवे होते. आता तपासणी हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी एका रात्री मास्क चालू करून उशाशी टेबलावर ठेवला आणि मोबाइलचा कॅमेरा त्यावर रोखला. बरोबर साडेचार तासांनी दिवे लुकलुकले. दुसऱ्या रात्रीही साडेचार तासांनीच. टेबलाला डोळे नाहीत, तेव्हा मास्क डोळ्यांची हालचाल ओळखत नाही, तो फक्त घड्याळ लावून बसतो, हे उघड झाले. घड्याळ लावणारे साधन वाईट असते असे नाही, परंतु मग तसे लिहावे आणि किंमतही तशी ठेवावी.

दुसरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. ‘रात्री पडल्या पडल्या दिसणाऱ्या प्रतिमांवर लक्ष ठेवा, त्याच तुम्हाला ल्युसिड स्वप्नात नेतील’ असे त्यात म्हटले आहे. झापड येतानाच्या या प्रतिमांना ‘हिप्नॅगॉजिक’ हे विशेषण फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी 1848 मध्ये दिले, आणि त्या झोपेच्या अगदी पहिल्या, उथळ टप्प्यातल्या असतात. ठळक स्वप्नांची, डोळे भरभर हलण्याची झोप साधारणतः दीड तासाने प्रथम येते आणि तिचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. प्रतिमांच्या वाटेने जागेपणीच स्वप्नात उतरणारे लोक आहेत, पण त्यासाठी योग्य वेळ पहाटेची, थोडे जागे होऊन पुन्हा आडवे झाल्यावरची. रात्री अकरा वाजता त्या वाटेने गेल्यास बहुधा नुसती गाढ झोप लागते. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

माझे एकमेव ल्युसिड स्वप्न पाचव्या आठवड्यात पडले, तेव्हा मास्क चार्जिंगला होता. पहाटे चारला पॅकहाउसमधून कंटेनर लवकर निघत असल्याचा फोन आला, वीस मिनिटे बोलून मी पुन्हा झोपले आणि थोड्या वेळाने स्वप्नात रामकुंडाच्या पायऱ्यांवर खोकी तपासत बसले. सवयीप्रमाणे लेबल दुसऱ्यांदा वाचले, तर क्रमांक बदललेला; तिसऱ्यांदा वाचले, तर आकड्यांच्या जागी मुंग्या. हे स्वप्न आहे, एवढे मनात आले मात्र, गोदावरीचे पाणी, पायऱ्यांवरचे ओले शेवाळ, सगळे विलक्षण स्वच्छ दिसू लागले आणि त्या आनंदानेच मला जाग आली. स्वप्न निसटू लागले की स्वप्नातच स्वतःभोवती गिरकी घ्यावी, हा लाबर्ज यांचा उपाय मला नंतर वाचायला मिळाला. तोही पत्रकात असायला हरकत नव्हती.

मास्कचा खरा उपयोग मला सापडला तो जाहिरातीत नसलेला. मोटरचा गजर दर पाच मिनिटांनी लावता येतो, आणि रविवारी दुपारी खुर्चीत बसून तो लावला की झापड येते न येते तोच थरथर होते व नुकतीच दिसलेली चित्रे ताजी असतानाच वहीत उतरवता येतात. माझ्या वहीत द्राक्षांनंतर सर्वाधिक वेळा गॅसची शेगडी आणि अनोळखी चेहरे आले आहेत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागताना पडत्या ठोकळ्यांची चित्रे दिसली होती, आणि खेळल्याचेच स्मरण न राहिलेल्या विस्मृतीच्या रुग्णांपैकी काहींनाही ती दिसली होती, हे वाचल्यावर माझ्या घडांचे मला नवल वाटेनासे झाले.

पण एवढ्या कामासाठी साडेतीन हजारांची गरज नाही. हातात चमचा धरून खाली स्टीलचे ताट ठेवावे. डोळा लागताच पकड सुटते, चमचा पडतो आणि जाग येते. पॅरिसमधील संशोधकांनी 2021 मध्ये 103 जणांवर केलेल्या प्रयोगातही हातात वस्तू धरायला दिली होती. गणिताच्या कोड्यातला लपलेला नियम, विश्रांतीत जागेच राहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना सापडला, तर किमान 15 सेकंद त्या उथळ झोपेत गेलेल्यांपैकी 83 टक्क्यांना. माझ्या प्रयोगातून नियम वगैरे काही सापडला नाही. चमचा पडला, आतल्या खोलीतून सासूबाईंनी “काय पडलं गं?” असे विचारले, आणि निम्म्या फुगलेल्या मण्याचे चित्र मात्र तोवर वहीत उतरले होते.

मोबाइलवरचे चित्रीकरण पाठवल्यावर विक्रेत्याने पंधरा दिवसांनी निम्मी रक्कम परत केली आणि मास्क ठेवून घ्यायला सांगितले. तो आता माझे यजमान वापरतात. सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून ते सकाळी आठला झोपतात, आणि दिवे बंद ठेवले तर प्रकाश अडवण्याचे काम मास्क चोख करतो.