फिबाचं ऑफिशियल इंटरप्रिटेशन्स: फुकट आहे, पण डोकं खातं

शाळा-कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचेसना शिट्टी मारणाऱ्यांनी नुसत्या रूल बुकवर भागवू नका, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) साइटवर इंटरप्रिटेशन्सची, म्हणजे नियमांचा अर्थ उलगडून सांगणारी, पीडीएफ फुकट मिळते ती उतरवून घ्या. कलमांचे नंबर रूल बुकचेच, आणि खाली ए१ ने (ए टीमच्या एका प्लेअरने) असं केलं, बी१ ने तसं केलं, मग निर्णय काय, असे प्रसंग.

माझ्यासाठी पैसा वसूल (फुकटच आहे म्हणा) ते कलम ३१. शॉट मारलाय, बॉल रिंगला लागून वर उडालाय, अजून आत जाऊ शकतो आणि डिफेंडरने तो उडवून लावला. टीव्हीवर अमेरिकेतली एनबीए बघून आलेलं पब्लिक लगेच गोलटेंडिंग (बास्केटकडे चाललेल्या बॉलला बेकायदा हात) म्हणून बोंबलतं, पण फिबात रिंगला टेकल्यावर बॉलला हात लावलेला चालतो, बिनधास्त खेळू द्यायचं. आता हाच शॉट हवेत असताना क्वार्टर संपल्याचा बझर वाजला, मग बॉल रिंगला लागला आणि मग डिफेंडरने उडवला, तर ते इंटरफिअरन्स (आत जाऊ शकणाऱ्या बॉलमध्ये बेकायदा ढवळाढवळ), बास्केट द्यायची, दोनची असेल तर दोन, तीनची असेल तर तीन. फरक फक्त बझरचा, आणि हे नेमकं अटीतटीच्या मॅचला होतं, कोच अंगावर धावून येतो तेव्हा प्रसंग वाचलेला असला की आवाज चढवावा लागत नाही.

कलम २५, ट्रॅव्हलिंगचंही (बॉल धरून नियमाबाहेर हलणं) तसंच. बॉल धरून पडलेला प्लेअर घसरत गेला तर चालतं, बॉल हातात ठेवून लोळला किंवा उठायला गेला की वाजवा. आणि २०१७ पासून पळता पळता बॉल घेतला तर दोन स्टेप मिळतात हे सगळ्यांना पाठ आहे, पण ड्रिबल (बॉल आपटत नेणं) सुरू करायचा असेल तर दुसऱ्या स्टेपच्या आधी बॉल हातातून सुटायला हवा, हे कोणी लक्षातच घेत नाही!!

तक्रार म्हणाल तर भाषा कोर्टाच्या निकालासारखी, आणि ए३ नेमका कुठे उभा होता हे कळायला कागदावर गोल काढत बसावं लागतं. कॉन्टॅक्ट किती झाला की फाउल, हे शेवटी तुमच्या डोळ्यांवरच आहे, तिथे पीडीएफची फारशी मदत नाही. नवीन असाल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, झोप येईल, आधी २५ आणि ३१ वाचा. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी फाइल नको, नियम बदलत असतात, साइटवरूनच घ्या.

पाचपैकी चार.