"गाडी खोललीय" असा गॅरेजवाल्याचा फोन आला की आधी हे वाचा (साताऱ्यातला आमचा अनुभव)

सातारकरांनो, गाडी गॅरेजला टाकली असेल किंवा टाकायच्या विचारात असाल तर हे शेवटपर्यंत वाचा, लांबलंय पण वाचा. आमच्या अण्णांच्या गाडीचं १२-१३ हजाराचं काम ३३ हजारावर गेलं आणि बिलात लावलेले तीन पार्ट गाडीला बसलेलेच नव्हते. गॅरेजचं नाव टाकत नाही, कारण पैसे परत यायचं अजून पूर्ण व्हायचंय आणि मला त्यात खोडा नकोय. पण पद्धत सगळी सांगते, कारण हा प्रकार आमच्याच बाबतीत झालाय असं नाही, ऑफिसात विषय काढला तर दोघा-तिघांनी जवळपास हेच सांगितलं, फक्त पार्टची नावं वेगळी.

गाडी म्हणजे २०१३ ची स्विफ्ट डिझेल. अण्णा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेत, गाडी जपून चालवतात. यवतेश्वरचा घाट चढताना क्लच जळल्याचा वास यायला लागला, रेस वाढतीय पण गाडी ओढत नाही, मग तिथूनच वळवून कशीबशी समर्थ मंदिरापर्यंत खाली आणली. शेजारच्यांनी हायवेकडेच्या एका गॅरेजचं नाव सांगितलं, माणूस येऊन गाडी घेऊन गेला. गॅरेजवाला बघून म्हणाला, "काका, क्लच गेलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी सगळं धरून १२-१३ हजारात बसवतो." जॉब कार्ड (काय काम करायचं त्याची लेखी नोंद) नाही, कागद नाही, किलोमीटरची नोंद नाही, सगळं तोंडी. इथपर्यंत रेट पण बरोबरच होता, म्हणून कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

खरा खेळ सुरू होतो तो दुसऱ्या दिवशीच्या फोनपासून. "काका, गाडी खोललीय. गिअरबॉक्स खाली घेतलाय. फ्लायव्हील पण जळालंय, ते नाही टाकलं तर नवीन क्लच सहा महिन्यात जाईल. आणि खालून बघितलं तर लोअर आर्म संपलेत, लिंक रॉड वाजतायत, इंजिन माउंटिंग बसलंय. तुम्ही घाटात गाडी चालवता ना? मला सांगायचं काम आहे, बाकी तुमची इच्छा." (फ्लायव्हील म्हणजे क्लच ज्याला चिकटतो ती इंजिनची जड चकती, लोअर आर्म आणि लिंक रॉड हे चाकाजवळचे सस्पेन्शनचे पार्ट, आणि माउंटिंग म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो.) आता तुम्हीच सांगा, ६८ वर्षांचा माणूस यावर काय बोलणार? गाडी खोललेली, उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्यात घाटात लोअर आर्म तुटला तर काय होतं हे ऐकूनच माणूस घाबरतो. अण्णा म्हणाले "करा काय लागेल ते, पण नीट करा." बास, हेच एक वाक्य त्यांना पाहिजे असतं. रक्कम सांगितली नाही, फोटो पाठवला नाही, आणि नंतर आम्ही भांडायला गेलो तर पहिलं उत्तर हेच मिळालं, "काका स्वतः हो म्हणालेत."

मग सुरू झालं पार्ट येत नाही प्रकरण. आज पुण्याहून निघालाय, उद्या येतोय, ट्रान्सपोर्टवाला चुकला. आणि याच दरम्यान एका संध्याकाळी ऑफिसात असताना माझ्या मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज आला, आनेवाडी टोल नाक्यावर पैसे कट झाले. गाडीचा नंबर आमचाच. मला आधी वाटलं सिस्टिमचा घोळ असेल, चुकून कटतात कधीकधी, मी बँकेकडे तक्रार टाकायच्या विचारात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना गॅरेजवाल्याची व्हॉट्सॲप व्हॉइस नोट, "काका, फ्लायव्हील आज दुपारपर्यंत येतंय, गाडी अजून जॅकवरच आहे." हे दोन्ही मेसेज मी डिलीट केले नाहीत, आणि पुढे सगळं प्रकरण याच्यावरच फिरलं.

गाडी न्यायला गेलो तेव्हा हातात चिठ्ठी. वर छापलेलं "एस्टिमेट", खाली पेनाने आकडे. क्लच सेट ६,९००, बेअरिंग १,३५०, फ्लायव्हील ७,८००, लोअर आर्म जोडी ४,६००, लिंक रॉड १,४००, इंजिन माउंटिंग २,९००, गिअर ऑइल ९००, मजुरी ६,५००, किरकोळ सामान ८५०, एकूण ३३,२००. आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,९७६ लावून ३९,१७६. मी विचारलं जीएसटी नंबर कुठाय? तो चिठ्ठीकडे बघून म्हणाला, "मग जीएसटी राहू दे ताई, ३३,२०० द्या." म्हणजे नंबर विचारला नसता तर जवळपास सहा हजार रुपये सरकारच्या नावाने त्याच्या खिशात! हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणी नसणं यात काही बेकायदेशीर नसतं, पण नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, केंद्रीय जीएसटी कायदा २०१७, कलम ३२. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता कुणालाही तपासता येतो.

जुने पार्ट मागितले तर "स्क्रॅपवाला घेऊन गेला." नवीन पार्टचे खोके? "कचऱ्यात गेले." पैसे पूर्ण दिल्याशिवाय चावी नाही. मी बाहेर येऊन वकिली करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला, ती म्हणाली चावीवरून ओढाओढी करू नको, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते, पण न केलेल्या कामाला तो हक्क नाही. तेव्हा पैसे दे, रोख मात्र देऊ नको, आणि हरकत नोंदवून दे. मी यूपीआय केलं (क्यूआर कोड पण गॅरेजच्या नावाचा नाही, कुठल्या तरी बाईच्या नावाचा होता, त्याचाही स्क्रीनशॉट घेतला), आणि लगेच त्याच्या व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो आणि खाली एक ओळ टाकली, "बिलातले पार्ट मान्य नाहीत, गाडी सोडवण्यासाठी हरकत ठेवून पैसे दिले आहेत." ब्लू टिक आली.

गाडी घेऊन तडक नागठाण्याच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, हँडलॅम्प लावला आणि मला खाली बोलावलं. लोअर आर्म काळेकुट्ट चमकत होते, मला तर नवीनच वाटले. मिस्त्री म्हणाले, "अंगठा फिरव पोरी." फिरवला तर अंगठा काळा! स्प्रे पेंट मारलेला, पूर्ण सुकलेला पण नव्हता. नखाने खरवडलं तर पेंटच्या खालून वाळलेल्या मातीचा पापुद्रा निघाला आणि त्याच्या खाली गंज. म्हणजे धुवायचे पण कष्ट घेतले नव्हते, चिखलावरच पेंट. आर्मच्या बोल्टला पान्याची एक खूण नाही, नट जसेच्या तसे गंजलेले. बुशच्या रबराला चिरा होत्या पण त्या चिरांतही पेंट गेलेला. माउंटिंगचं रबर कडक झालेलं, जुनंच. लिंक रॉड मात्र खरंच नवीन होते, क्लचही नवीन बसलाय, जे केलंय ते केलंय, खोटं कशाला बोलू. आणि मिस्त्रींचं म्हणणं असं की हे जुने लोअर आर्म अजून वर्षभर तरी चालतील, बदलायची गरजच नव्हती.

राहिलं फ्लायव्हील. ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतं, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय डोळ्याला दिसतच नाही, आणि नुसतं बघायला परत गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे पुन्हा मजुरी. मिस्त्री म्हणाले म्हणूनच बिलात हे घालतात, कोण उघडून बघणार? थोडं जळालेलं फ्लायव्हील बऱ्याचदा लेथवर फेसिंग मारून (म्हणजे वरचा थर घासून सपाट करून) पण वापरता येतं, सरळ नवीनच लागतं असं नाही.

इथे मला तो टोलचा मेसेज आठवला. फ्लायव्हील पुण्याहून यायचंय, गाडी जॅकवर आहे, असं तो सकाळी स्वतःच्या आवाजात सांगतोय, आणि आदल्या संध्याकाळी तीच गाडी आनेवाडीच्या पलीकडे फिरून आलीय. गिअरबॉक्स खाली ठेवलेली गाडी टोल ओलांडेल का? म्हणजे गाडी तेव्हाच जोडून तयार होती, जुन्याच फ्लायव्हीलवर, आणि ती घेऊन कुणीतरी स्वतःच्या कामाला गेलं होतं.

परत गॅरेजला गेलो. आधी तर मला, "ताई, तुम्हाला टेक्निकल नाय कळणार, काकांशी बोलतो." मी फास्टॅगचं स्टेटमेंट प्रिंट काढून नेलं होतं, ते पुढे ठेवलं. वाचून म्हणाला, "पोरानं ट्रायल मारली असेल." मी म्हटलं ठीक आहे, ट्रायल मारली म्हणजे गाडी चालू होती, मग दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील कशात बसवलं? यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही, आणि मग आवाज चढवला, माझं गॅरेज २० वर्षांचं आहे, काय करायचं ते करा. माझ्या मनाला लागलं ते याचं की अण्णा शेजारी उभे होते आणि त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "मास्तर, पोरीच्या नादाला लागू नका." अण्णा रात्री जेवले नाहीत.

मग रीतसर सुरुवात केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. त्यातून तो हलला नाही. मग मैत्रिणीने रजिस्टर एडीने नोटीस पाठवली, सोबत चिठ्ठीचा फोटो, यूपीआयची पावती, फास्टॅग स्टेटमेंट, व्हॉइस नोट टाइप करून, आणि मिस्त्रींनी सही करून दिलेला रिपोर्ट फोटोसकट. मिस्त्रींचं खरंच कौतुक वाटतं, धंद्यातल्याच माणसाविरुद्ध लिहून द्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही. नोटीशीत लिहिलं होतं की ठराविक मुदतीत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

आयोगाचं लोकांना उगीच टेन्शन वाटतं म्हणून सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज पुण्यात असलं तरी. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन पण दाखल होते. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. आणि बिल न देणं हेच मुळात त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत येतं, त्यामुळे "पक्कं बिल दिलंच नाही, आता काय पुरावा" म्हणून गप्प बसू नका. व्हॉट्सॲप, यूपीआय, कॉलची वेळ, जे असेल ते जपून ठेवा.

गॅरेजला गाडी सोडताना जागेवरच किलोमीटरचा, डिझेल-पेट्रोलच्या काट्याचा आणि गाडीच्या चारी बाजूंचा फोटो काढून गॅरेजवाल्यालाच पाठवा आणि खाली लिहा "क्लचचं काम, अंदाजे इतके रुपये, याशिवाय कुठलंही काम लेखी विचारून करणे, जुने पार्ट आणि नवीन पार्टचे खोके परत पाहिजेत." एवढं टाइप करायला दोन मिनिटं लागतात. खोक्यावर एमआरपी आणि पॅकिंगचा महिना-वर्ष छापलेलं असतं, त्यावरून बिल ताडून बघता येतं. आणि "खोललीय" असा फोन आला तर फोनवर हो-नाही काहीच बोलू नका, येऊन बघतो म्हणा. जाता येत नसेल तर त्या पार्टचा व्हिडिओ आणि रक्कम मागवा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही, आमचे नागठाण्याचे मिस्त्री तर जुना पार्ट स्वतः डिकीत टाकून देतात. घरातली वयस्कर माणसं एकटी गाडी घेऊन जात असतील तर गॅरेजला तुमचा नंबर द्या, आणि फास्टॅगला पण तुमचाच नंबर लावून ठेवा.

आमचं आता असं झालंय की नोटीस मिळाल्यावर त्याचाच फोन आला, अण्णांना नाही, मला. फ्लायव्हील, लोअर आर्म आणि माउंटिंगचे मिळून १५,३०० परत द्यायला तयार झाला, मजुरीतलं मात्र काही देणार नाही म्हणाला. हे सगळं लेखी घेतलंय, सहीसकट. ८,००० खात्यावर आलेत, ७,३०० पुढच्या महिन्याच्या १० तारखेला द्यायचं ठरलंय. नाही आले तर तक्रारीचा मसुदा तयारच आहे, ११ तारखेला दाखल करणार.