आठ महिन्यांच्या वापरानंतर: घडीत हरवलेले कॉन्स्टॅन्टिनोपल

मध्ययुगापासून आजपर्यंतच्या जगाचा हा ऐतिहासिक ॲटलास मी गेल्या जूनमध्ये २,८०० रुपयांना घेतला. मुलीच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासामुळे तो जवळजवळ रोज उघडला गेला आणि फेब्रुवारीत त्याची पाठ उकलून पानांचा एक गठ्ठाच हातात आला. कागद, रंग आणि छपाई यांविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते बाइंडिंगविषयी, कारण या पुस्तकात बाइंडिंगच्या दोषामुळे इतिहासातलीच महत्त्वाची ठिकाणे दिसेनाशी होतात.

मोठे नकाशे सगळे जोडपानांवर आहेत आणि पाने शिवलेली नसून नुसती चिकटवलेली आहेत, त्यामुळे पुस्तक कितीही दाबून धरले तरी मधली बोटभर पट्टी दिसत नाही. ही पट्टी दर वेळी समुद्रात किंवा वाळवंटात गेली असती, तर माझी तक्रार नव्हती. परंतु पोर्तुगालपासून इराणपर्यंतचा प्रदेश दोन पानांवर मांडला की बरोबर मध्यावर कॉन्स्टॅन्टिनोपल (आजचे इस्तंबूल) येते, ब्रिटनपासून चीनपर्यंतचे व्यापारमार्ग मांडले की इराणच्या आखाताच्या तोंडावरचे होर्मुझ बंदर येते, आणि नुसता युरोप घेतला की व्हिएन्ना, प्राग आणि बर्लिन त्या घडीच्या आसपास येतात. ज्या व्हिएन्नाला १५२९ आणि १६८३ मध्ये तुर्कांनी वेढा घातला आणि जिथे १८१४-१५ च्या परिषदेत युरोपच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्याचे आमच्या प्रतीत फक्त शेवटचे अक्षर वाचता येत होते. होर्मुझचे तर मला फार वाईट वाटले. इराण-अरबस्तानातले घोडे तिथून जहाजांत चढत, गोव्याला उतरत आणि दख्खनच्या सुलतानांच्या व विजयनगरच्या फौजांत जात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले, तेव्हा या व्यापाराची दोन्ही टोके त्यांच्या हाती आली. मुलीला हे समजावताना मला एकच टोक दाखवता आले.

विक्रेत्याकडे तक्रार केली. परतीची मुदत दहा दिवसांची होती, हे मान्य आहे. तरीही आठ महिन्यांत उकललेली पाठ ही ‘वापरामुळे झालेली झीज’ आहे, हे ग्राहकसेवेचे उत्तर मला आजही पटलेले नाही. संदर्भग्रंथ वापरण्यासाठीच घेतात. चार ईमेल आणि तीन फोननंतर त्यांनी पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली, ती मी घेतली नाही.

शेवटी ग्रंथालयांची पुस्तके बांधणाऱ्या आमच्या भागातल्या एका वयस्कर बाइंडरकाकांकडे गेले. त्यांनी पाने चाळून सांगितले, “ताई, ही पानं शिवली तर नकाशा पुन्हा आत जाईल. कडेला कापड लावू आणि कापड शिवू.” त्यांनी सगळी पाने सोडवली, सुकलेला सरस खरवडला आणि प्रत्येक पानाच्या आतल्या कडेला मांजरपाटाची पट्टी खळीने चिकटवली. या कामाला बारा दिवस आणि ४५० रुपये लागले.

पहिल्याच महिन्यात मी या ॲटलासला पाचपैकी दोन तारे दिले होते. ते मत आज मी बदलते आहे, कारण घडीत दडलेले नकाशे आता पूर्ण दिसतात आणि ते विलक्षण काळजीने काढलेले आहेत. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या १४५३ च्या वेढ्याच्या नकाशात बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठी आदल्या वर्षी बांधलेला रुमेली हिसारचा किल्ला आहे, सुवर्णशृंग खाडीच्या तोंडाशी साखळी आहे, आणि २२ एप्रिलला तुर्की सुलतान मेहमेद दुसरा याने आपली जहाजे ज्या वाटेने जमिनीवरून ओढून खाडीत उतरवली, ती वाट खाडीपलीकडच्या गलाता वस्तीच्या मागून तुटक रेघेने दाखवली आहे. मुलीने त्या रेघेवरून बोट फिरवत विचारले, “आई, जहाजं ओंडक्यांवरून नेली का?” चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून नेली. ५३ दिवसांचा तो वेढा तिला त्या रेघेमुळे समजला, आधी वाचलेल्या दोन परिच्छेदांमुळे नव्हे.

सगळेच नकाशे इतके नेटके नाहीत. १७०० च्या नकाशात जवळजवळ सगळा दख्खन एकाच मुघल रंगात रंगवला आहे. जिंजी १६९८ मध्ये पडली होती हे खरे. परंतु मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतरही ताराबाईंनी लढा चालूच ठेवला होता, आणि दावा व ताबा यांतला फरक दाखवायला तिरप्या रेघा पुरल्या असत्या. १९४५ नंतरचा भाग घाईचा आहे; १९६० मध्ये आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले, त्यांना एक पान मिळाले आहे. उलट पहिल्या महायुद्धाच्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) नकाशात, तैग्रिसच्या वळणावर, कुत-अल-अमारा आणि तिथे वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेलेली ब्रिटिश-हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन नावानिशी नोंदवलेली पाहून मी बराच वेळ ते पान उलटू शकले नाही. त्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या.

बांधणीसह माझा खर्च ३,२५० रुपये झाला आणि आता मी चार तारे देते. घेणार असाल तर दुकानात प्रत हातात घेऊन व्यापारमार्गांचा नकाशा उघडा आणि होर्मुझ वाचता येते का ते पाहा. वाचता येत नसेल तर बांधणीचे पैसे आधीच किमतीत धरा.