नवं घर, नऊ महिने: हौदाच्या झाकणापासून डिजिटल कुलपापर्यंत

जुळे सोलापुरातलं तळमजला अधिक एक असं घर. तोंड पश्चिमेला, बाजूचा प्लॉट मोकळा. संक्रांत ते दसरा, म्हणजे कडक उन्हाळा, वळवाची वादळं आणि पावसाळा अंगावर घेऊन घराच्या सुरक्षेची कुठली वस्तू कितपत टिकली, ते इथे आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बिघाड बहुतेक वेळा बसवण्यातला निघाला.

पहिला मान हौदाच्या झाकणाला. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे हौद आलाच, आणि लहान मूल असलेल्या घरात चोरापेक्षा धोका त्याचा. बिजागरीचं, कुलूप लागणारं पत्र्याचं झाकण पुरेसं वाटतं. पण पाणी आलं की 'किती भरलं' बघायला ते उघडं राहतं, आणि नेमकी तीच वेळ घरात धावपळीची. म्हणून तोंडाच्या आत चार बोटं खाली १० मिलिमीटर सळईची जाळी बसवावी, सळयांत ३ इंचांहून जास्त फट नको. झाकण उघडं राहिलं तरी मूल आत पडत नाही. मोटारीचा पाइप झाकणाखालून काढू नये, बाजूने स्वतंत्र भोक पाडून घ्यावा. नाहीतर झाकण कधीच पूर्ण बसत नाही आणि त्या फटीतून डासांची सोय होते. पत्रा वाफेमुळे आतल्या बाजूने गंजतो, आधी बिजागरी जाते. पुन्हा करायचं झालं तर फायबरचं झाकण.

मुख्य दाराचं डिजिटल कुलूप सोयीचं आहे, मजबुतीचं श्रेय मात्र त्याला देता येत नाही. लाथेने दार उघडतं ते कुलूप मोडून नव्हे, कुलपाचा खटका जिच्यात अडकतो ती चौकटीतली पट्टी उखडून. सुतार तिथे एक इंची स्क्रू मारतात. तीन इंची मारले की ते चौकट ओलांडून भिंतीत रुततात. बिजागऱ्यांनाही तेच. खर्च शंभर-दोनशेच्या आत, आणि फरक कुलपापेक्षा जास्त. बोटांच्या ठशाचं म्हणाल तर ओला हात, पिठाचा हात किंवा वयस्कर माणसांची झिजलेली बोटं कुलूप ओळखत नाही. प्रत्येकाची दोन बोटं, दोन्ही हातांची, नोंदवावी. सेल अल्कलाइनच घालावेत. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे बॅटरी संपल्याची सूचना उगाच लवकर येते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून खटका घासू लागला, तर आधी पट्टीचं भोक कानशीने मोठं करावं. कुलपातली मोटार जोर लावत राहिली की सेल झपाट्याने उतरतात. किल्ली असलेलंच मॉडेल घ्यावं, आणि ती किल्ली घरात नव्हे, शेजारच्या काकूंकडे.

विजेच्या बाबतीत एमसीबी (जादा भार आला की पडणारा खटका) वायरिंग वाचवतो, माणसाला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका हवा. तो वारंवार पडतो म्हणून वायरमन बायपास करून देतात, हा खरा गुन्हा. पडण्याचं नेहमीचं कारण इन्व्हर्टर: इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल (परतीची तार) आणि मुख्य लाइनचा न्यूट्रल बोर्डात कुठेतरी एकत्र बांधलेला असतो. जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळत नाही, आणि आरसीसीबीला ती गळतीच वाटते. न्यूट्रल वेगळे केले की त्रास थांबतो. दुसरा संशयित गीझरचा एलिमेंट. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबावं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तशी अर्थिंगची पकडही सुटते; एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी.

गॅस-अलार्म बरेच जण ओट्याच्या वर, छताजवळ लावतात. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. डासांचा स्प्रे किंवा अत्तर मारलं तरी तो बोंबलतो, म्हणून वैतागून काढू नये. खरंच वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही, बंदही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ या गॅस-गळतीच्या हेल्पलाइनला फोन. सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते.

उरले कॅमेरे. चार आहेत, दोन मेगापिक्सेलचे. प्रत्येकी दोन मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर दिवसाला ८६ जीबी, म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरून जुनं पुसायला लागते. गावाला पंधरा दिवस जाणाऱ्यांनी दोन टीबी घ्यावी. उंची आठ-नऊ फूट. त्याहून वर लावला की टोप्या दिसतात, चेहरे नाहीत. पश्चिमेच्या कॅमेऱ्याला डब्ल्यूडीआर (झगझगीत उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारी सोय) नसेल तर दुपारी चारनंतर माणूस नुसती काळी आकृती. इथल्या धुळीत घुमटाचे कॅमेरे घेऊ नयेत: काचेवर धूळ बसली की रात्री इन्फ्रारेड तिच्यावरून परतून चित्र पांढरं पडतं. बुलेट, म्हणजे लांबट नळीच्या कॅमेऱ्यासमोर कोळी जाळं विणतो आणि रात्रभर मोबाइलवर सूचना येत राहतात. आठवड्याला एकदा झाडूचा फटका, दुसरा इलाज नाही.

डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, नुसता डीव्हीआर नको, नाहीतर वीज गेली की मोबाइलवर काही दिसत नाही. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि डीव्हीआरचं घड्याळ तपासावं: आतला नाण्यासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे उडी मारते, आणि चुकीच्या तारखेचं फुटेज पोलिसांना दाखवताना घाम फुटतो.