स्विमिंग पूलला कव्हर घ्यावं का? नाशिक आणि लोणावळ्याचा वेगवेगळा हिशोब

आमचं घर नाशिकला, गावाबाहेर. नणंदेचा बंगला लोणावळ्याला. दोन्हीकडचा पूल जवळजवळ एकाच मापाचा, ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "वहिनी, तुमच्या कव्हरचा उपयोग झाला ना? मग आम्हीही तेच मागवतो." मी तिला थांबवलं. आमच्याकडे ज्या कव्हरनं पैसे वसूल करून दिले, तेच तिच्याकडे पहिल्या पावसाळ्यात डोक्याला ताप झालं असतं. तिला फोनवर जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं. १ चौरस मीटर पृष्ठभागावरून १ मिलिमीटर पाणी उडालं की १ लिटर गेलं. आमच्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात रोज ७ मिलिमीटर सहज उडतं, म्हणजे दिवसाला २२४ लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी १३५ लिटरचा निकष धरतात. त्या मापानं पाहिलं तर पूल रोज दीड माणसाचं पाणी हवेत सोडतो. फेब्रुवारी ते मे मिळून २० ते २५ हजार लिटर होतात. आमच्या पूलमध्ये एकूण पाणी ४५ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा पूल! बोअर आटली की हे सगळं टँकरनं भरायचं.

पण कव्हरची चौकशी करण्याआधी एक गोष्ट करा. बादलीत पूलचंच पाणी भरा आणि ती पूलच्या पायरीवर, अर्धी पाण्यात बुडेल अशी ठेवा. बादलीतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करा. मोटार बंद ठेवा आणि २४ तासांनी पाहा. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या असतील तर पाणी उडतंय. बाहेरची पातळी जास्त उतरली असेल तर गळती आहे, आणि गळतीवर कुठलंच कव्हर चालत नाही. आमच्याकडे स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या सांध्यात गळती निघाली. ती बुजवल्यावरच खरा हिशोब मांडता आला.

आम्ही घेतलं ते निळं बबल कव्हर. पॅकिंगला वापरतात त्या फुगे असलेल्या प्लॅस्टिकचाच हा जाड, उन्हाला टिकणारा प्रकार. फुगे खालच्या बाजूला ठेवून ते पाण्यावर तरंगत पसरायचं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं दिलेल्या माहितीनुसार पूल झाकल्यानं भरपाईच्या पाण्यात ३० ते ५० टक्के आणि रसायनांमध्ये ३५ ते ६० टक्के बचत होते. आमचा अनुभव पाण्याच्या बाबतीत याच्याशी जुळतो, याहून जास्त नाही, कारण आम्ही कव्हर चोवीस तास ठेवत नाही. क्लोरीनचं कारणही सोपं आहे. स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं रसायन) नसलेलं क्लोरीन भर उन्हात काही तासांतच बहुतेक नाहीसं होतं. झाकलेल्या पाण्यात ते टिकतं. मात्र शॉक डोस, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन दिलं की कव्हर काढून ठेवायचं, नाहीतर तेच क्लोरीन प्लॅस्टिक खातं आणि फुगे वर्षभरात सुटायला लागतात. नीट सांभाळलं तर तीन ते पाच वर्षं टिकतं.

बोअरचं पाणी जड असेल तर आणखी एक फायदा आहे, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यात पुन्हा जड पाणी भरलं की क्षार वाढत जातात आणि टाइल्सवर पांढरी रेघ बसते. भरपाई कमी झाली तशी आमची ती रेघ घासण्याची कामंही कमी झाली.

थंडीत तर कव्हर हवंच. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो आणि उघड्या पूलमध्ये पाय घालवत नाही. दिवसभर झाकून ठेवलं की पाणी दोन-चार अंशांनी उबदार राहतं. मुलं संक्रांतीलाही उतरली.

मे महिन्यात मात्र हेच कव्हर अडचणीत टाकतं. १ लिटर पाणी उडताना उरलेल्या पाण्यातून बरीच उष्णता घेऊन जातं, माठाचं तत्त्व तेच. २२४ लिटर उडाले तर त्या एका कारणानं ४५ हजार लिटर पाणी दिवसाला जवळजवळ ३ अंशांनी थंड व्हावं, इतकी ती उष्णता असते. उन्हामुळे मिळणारी उष्णता ती भरून काढते म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. कव्हर घातलं की ही थंडाई बंद होते, वर ऊन आत शिरतं. पहिल्या मे महिन्यात आमचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट झालं, शेवाळ भराभर वाढलं आणि क्लोरीन वाचण्याऐवजी जास्तच लागलं. म्हणजे पाणी वाचवा किंवा गार ठेवा, दोन्ही एकाच वेळी बबल कव्हरनं साधत नाही. आम्ही शेवटी रोपवाटिकेत वापरतात तशी ७५ टक्के सावलीची शेडनेट खांबांना तारा बांधून पूलच्या वर ताणली. एप्रिल-मेमध्ये शेडनेट, नोव्हेंबर ते मार्च बबल कव्हर. नाशिक, नगर, सोलापूर, मराठवाडा अशा कोरड्या भागात राहणाऱ्याला आणि पूल रोज वापरणाऱ्याला मी हीच जोडी सुचवेन. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि थंडीत पोहायची हौस नसेल तर आधी शेडनेट घ्या.

आता लोणावळा. तिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या पूलला पाण्याची चणचण निम्मं वर्ष तरी नसते, आणि बंगल्यावर माणसं फक्त शनिवार-रविवारी. नणंदेला कोणीतरी पावसाळ्यासाठी जाड ताडपत्रीसारखं बंद कव्हर सुचवलं होतं. घाटातल्या पावसात एका दिवसात १०० मिलिमीटर ही नवलाई नाही. ३२ चौरस मीटरच्या कव्हरवर तेवढ्या पावसाचं ३,२०० लिटर, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास पाणी साचतं. कव्हर झोळीसारखं खाली बसतं, कडेचे हुक उपटतात. वर छोटा पंप ठेवावा लागतो, आणि तो चालू करायला आठवडाभर तिथे कोण आहे? त्याहून वाईट म्हणजे डास. डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. खालचं पाणी क्लोरीनचं असलं तरी वर साचलेलं नसतं. दर आठवड्याला येणाऱ्या माणसाला हे झेपणारं नाही.

तिच्यासाठी पाचोळ्याची बारीक जाळी पुरेशी आहे. पाऊस आरपार जातो, पानं वर अडकतात, फिल्टरची टोपली तुंबत नाही. बाष्पीभवन जाळीनं फारसं थांबत नाही आणि शेवाळही थांबत नाही, म्हणून क्लोरीन आणि मोटार चालू ठेवावीच लागते. पावसाळ्यात वापर नाही म्हणून पूल रिकामा करून टाकण्याचा विचारही तिनं करू नये. जमिनीतलं पाणी वर चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तळाला तडे जातात. भरलेल्या पाण्याचं वजनच तिला दाबून ठेवतं.

लहान मुलांबद्दल मात्र मला दोन्ही घरांसाठी एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. बबल कव्हर, ताडपत्री किंवा पाचोळ्याची जाळी ही मुलांच्या सुरक्षेची साधनं नाहीत. उलट बबल कव्हर उघड्या पाण्यापेक्षा धोक्याचं आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ती निळी जमीन वाटते. पाय ठेवला की कव्हर बाजूला सरकतं, मूल खाली जातं आणि कव्हर पुन्हा वर मिटतं. वरून काहीच दिसत नाही. मूल बुडताना ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. अर्धवट पसरलेलं कव्हर तर कधीच ठेवू नका: एकतर पूर्ण झाका, नाहीतर पूर्ण काढा.

सुरक्षेसाठी वेगळी कव्हर मिळतात, कडेला पक्की ताणून बसवलेली. अमेरिकेतल्या मानकानुसार अशा कव्हरनं ४८५ पौंड, म्हणजे साधारण २२० किलो वजन पेललं पाहिजे. फ्रान्समध्ये २००३च्या कायद्यानं घरच्या पूलला कुंपण, अलार्म, सुरक्षा-कव्हर किंवा छत यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. आपल्याकडे विक्रेत्याला सरळ विचारा: यावर मोठा माणूस उभा राहिला तर पेलेल का, आणि तसं लिहून द्याल का? उत्तर गोलमोल आलं तर ते पैसे कुंपणात घाला. माझं मत कुंपणाच्याच बाजूनं आहे. उंच, चढता न येणारं आणि दार आपोआप लागून कडी बसणारं कुंपण, कारण ते रोज कोणी आठवणीनं घालावं लागत नाही. नणंदेची नात पुढच्या वर्षी चालायला लागेल. जाळीआधी कुंपण, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

बटणावर उघडणारी पट्ट्यांची कव्हरही आहेत. पाणी आणि उष्णता वाचवतातच, योग्य मानकाची असतील तर सुरक्षाही देतात. पण खर्च लाखांत जातो आणि कव्हर गुंडाळणारा रोलर पूलमध्येच लपवायचा तर त्याची जागा बांधतानाच सोडावी लागते. नवा पूल बांधत असाल तर ती जागा ठेवा. जुन्या पूलसाठी मी एवढी तोडफोड करणार नाही.

बबल कव्हर घ्यायचं ठरलंच तर रोलरसकट घ्या. ३२ चौरस मीटरचं ओलं कव्हर ओढायला दोन माणसं लागतात. सुरुवातीला आम्ही रोलर वाचवला आणि कव्हर महिनाभर कोपऱ्यात घडी होऊन पडलं. गुंडाळलेलं कव्हरही उन्हात तसंच ठेवू नका. थरांमध्ये उष्णता साठून फुगे वितळतात. रोलरवर पांढरी चादर टाका, ती सोबत मिळत नसेल तर जुनी खादीची चालते.