अनोळखी अळंबी सापडली: आधी मायक्रोस्कोप की थेट डीएनए?

पावसाळ्यात नागपूरच्या आसपास सागाच्या पाल्यात अशा अळंब्या निघतात की त्या कोणत्याच पुस्तकात बसत नाहीत, मग ‘नवी प्रजाती असंल का’ म्हणून लगेच सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, पाठवायची घाई होते (पेंचच्या जंगलातून मात्र परवानगीशिवाय काही उचलू नका राजेहो). माझं मत विचाराल तर आधी मायक्रोस्कोप, डीएनए नंतर. कारण साधं आहे, नमुना नीट वाळवला तर डीएनए त्यात बरीच वर्षं टिकतो, पण रंग, वास, कापल्यावर निळं पडणं हे सगळं संध्याकाळपर्यंत गेलेलं असतं.

स्पोर प्रिंटला, म्हणजे अळंबीच्या बीजाणूंचा (स्पोरचा) कागदावर ठसा घ्यायला, तर काहीच खर्च नाही. टोपी अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर उपडी ठेवायची, वर वाटी झाकायची, सकाळी पाहायचं. पांढरी भुकटी काळ्यावर दिसते, गडद असली तर पांढऱ्यावर. लॉनमध्ये येणारं ते मोठं पांढरं विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस मळकट हिरवा ठसा देतं, वारुळावरच्या सात्या म्हणजे टर्मिटोमायसेस गुलाबीसर. सात्या उपटू नका, खणून काढा, त्यांचं मूळ खाली वाळवीच्या घरापर्यंत जातं आणि तीच मोठी खूण आहे.

पुढे स्पोरची लांबी-रुंदी मोजायला १००एक्सची ऑइल लेन्स लागते, कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये असतेच. वीस-तीस स्पोरची मापं घ्या, मेल्झर (आयोडीनचं द्रावण) टाकून निळे-काळे होतात का बघा. वेळखाऊ काम आहे, डोळे दुखतात, आणि एवढं करूनही हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजाती असल्या तर मायक्रोस्कोप हात टेकतो.

तिथे डीएनए लागतो. आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ पासून बुरशीचा बारकोड, म्हणजे ओळखखूण, म्हणून धरला जातो, बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून करून मिळतो. पण रिझल्ट आला आणि जेनबँकेत (सिक्वेन्सच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात) ९३ टक्केच जुळला, म्हणजे नवी प्रजातीच, म्हणून पेढे वाटू नका, आपल्याकडच्या कितीतरी अळंब्यांचे सिक्वेन्स तिथे कोणी टाकलेलेच नाहीत, शिवाय जे आहेत त्यातल्या बऱ्याच नोंदींवर नावच चुकीचं आहे. उलट काही गटांत आयटीएस सारखाच येतो आणि प्रजाती वेगळ्या निघतात, मग एलएसयू, आरपीबी२, टीईएफ१ असे डीएनएचे दुसरे भाग करत बसा, खर्च वाढतच जातो.

म्हणून नुसतं ‘ही कोण’ एवढंच कळायचं असेल तर मायक्रोस्कोपवर जीनसपर्यंत (प्रजातीच्या वरच्या गटापर्यंत) पोचलात तरी पुष्कळ झालं. नवी म्हणून नाव द्यायचं असेल तर दोन्ही करा, नुसत्या सिक्वेन्सवर नाव लागत नाही, वाळवलेला टाइप नमुना (ज्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना) संग्रहात ठेवावा लागतो, पुण्यात आघारकर संस्थेत आजरेकर हर्बेरियम आहे, आणि २०१३ पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या बुरशीच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या ठिकाणचा नोंदणी क्रमांकही पाहिजेच. आणि वाळवायचं चाळीस-पंचेचाळीस डिग्रीवर, आपल्याकडच्या दमट हवेत नुसतं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं तर दोन दिवसांत अळ्या पडतात.